सात खोल्या आणि एक पोढी

पिंपरी पेंढारला रस्त्याकडेला उभं राहिलं की कांद्याच्या गोण्या भरलेले ट्रक ओतूरमार्गे माळशेजकडे जाताना दिसतात. कल्याण-नगर रस्ता हा. माळशेजचा गाडीरस्ता अलीकडचा, पण कल्याणची ओढ फार जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणकडचा माल जुन्नरला यायचा आणि नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरायचा.

त्या व्यापाऱ्यांची घरं कशी असतील, हा प्रश्न मला जपानमधल्या ताकायामात पडला. तिथलं कुसाकाबे या व्यापारी घराण्याचं घर १८७५च्या आगीत जळालं आणि १८७९ साली पुन्हा उभं राहिलं. दारातून आत गेलं की मातीची जमीन, आणि मान वर केली की उघड्या, काळपट तुळयांची भलीमोठी चौकट. आपल्या वाड्यातल्या सोप्यात उभं राहून कडीपाट पाहावा, तसंच वाटलं. १९६६ साली जपानने त्या घराला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला.

आपल्या सातवाहनकालीन व्यापाऱ्याचं असं नांदतं घर जुन्नरात उरलेलं नाही. पण त्याने दान दिलेली घरं उरली आहेत, तीही दगडात. जुन्नरच्या लेण्यांतला एक ब्राह्मी लेख सांगतो की धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने ‘सतगभ’ आणि ‘पोढी’ दान दिली. सतगभ म्हणजे सात खोल्यांचं लेणं, पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. धान्याचे व्यवहार करणाऱ्यांनी एकत्र येऊन भिक्षूंसाठी घर बांधावं तसं हे दान आहे. आधी खोल्या, मग पाणी. गृहस्थाचाच हिशेब.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला बहुतेक जण गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन उतरतात. जिथे गणपती बसला आहे तोही मुळात वीस खोल्यांचा विहार, आणि एवढ्या मोठ्या मंडपाला मध्ये एकही खांब नाही. पण मी सांगेन, शेजारच्या सहाव्या लेण्यात जरा थांबा. हे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचं दान. त्याचा बाप हेरणिक, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. कल्याणच्या माणसाने घाट चढून इथे दान द्यावं, यातच त्या वाटेची सगळी कहाणी आली.

आत छताकडे पाहा. कमानीसारख्या वाकवलेल्या फासळ्या ओळीने उतरत खांबांवर येतात. लाकडी वाटतात, पण आहेत दगडाच्या, डोंगरातूनच कोरलेल्या. त्यांनी काहीच पेललेलं नाही, कारण छत म्हणजे अख्खा कातळ. मग त्या कोरल्या कशाला? तर वास्तू म्हटली की तुळया आणि वासे असणारच, हे कारागिराच्या हाताला पाठ होतं. त्या काळची लाकडी घरं कुजली, जळाली. त्यांच्या सुतारकामाची पद्धत मात्र या छतात जशीच्या तशी राहिली. मला तर व्यापाऱ्याच्या घराचा सगळ्यात जवळचा पुरावा हाच वाटतो.

नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखासाठी गर्दी होते. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही सगळे पाहतात. तिथल्या टाक्याजवळच्या लेखाकडे मात्र कुणी वळत नाही. ती पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिली. खालून चढून आलेल्या बैलाला आणि माणसाला आधी काय लागतं, हे त्याला ठाऊक होतं.