आकाशातील अंतर आणि वाशिमची वाट

नागपूर आणि मुंबई या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे आणि विमान ते दीड तासाच्या आसपास तोडते. नकाशावर या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ ओढली, तर ती वाशिम जिल्ह्याच्या उत्तर कडेजवळून, कारंज्यापासून फारशी दूर नसलेल्या मुलखावरून जाते. परंतु ज्याच्या माथ्यावरून वाट जाते त्याला ती वाट लाभतेच असे नाही, हे या जिल्ह्याइतके क्वचितच कोणाला उमगले असेल.

वेळापत्रकातील प्रवासकाळ विमान जागचे हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा असतो. प्रवाशाचा काळ मात्र घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. वाशिमला विमानतळ नाही. दक्षिणेस नांदेड आणि ईशान्येस अमरावतीचे बेलोरा, दोन्ही सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर. नागपूर तर सव्वादोनशेहून अधिक. रस्त्याने ही अंतरे आणखी वाढतात. सर्वांत जवळचे अकोल्याचे शिवणी. पण तेथील धावपट्टीचा विस्तार वर्षानुवर्षे रेंगाळला. बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि उड्डाणापूर्वी तासभर तरी आधी पोहोचावे लागते. म्हणजे रिसोड वा मानोऱ्याच्या रुग्णाला मुंबईचे रुग्णालय गाठताना आकाशातील वेळेपेक्षा जमिनीवरचीच वेळ अधिक मोजावी लागते.

समृद्धी महामार्गाने हे चित्र काहीसे पालटले. 701 किलोमीटरचा हा मार्ग 5 जून 2025 रोजी पूर्णतः खुला झाला आणि तो कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो. परंतु ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही, त्याला हा मार्गही विमानासारखाच दुरून पाहावा लागतो.

येथे बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे स्मरण होते. यवतमाळ-मुर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी कारंज्याहून संथपणेच जाई. तिचे मोल वेगात नव्हते, मुर्तिजापूरला मोठ्या लोहमार्गाशी असलेल्या सांध्यात होते. वेग मोठ्या गाडीचा, पण तो कारंजेकरांच्या पदरात टाकला तो या लहान गाडीने.

प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ हवा, हा आग्रह म्हणूनच अनाठायी ठरतो. 1998 साली स्वतंत्र झालेल्या आणि 2018 मध्ये केंद्राने आकांक्षित ठरविलेल्या या जिल्ह्याला आज हवे आहेत ते सांधे. बेलोरा व नांदेड येथील विमानांच्या वेळा पाहून वाशिम, कारंजा व रिसोडहून परिवहन महामंडळाच्या गाड्या सुटाव्यात, आणि विमानाला उशीर झाला तर परतीची गाडी थांबावी. यास नवी धावपट्टी लागत नाही. दोन खात्यांनी एकमेकांचे वेळापत्रक वाचण्याची तसदी घेतली तरी पुरे. अंतर कमी करणे विज्ञानाने साधले आहे. ते सामान्य माणसासाठी कमी करणे हे प्रशासनाचे काम आहे.