धुऱ्यावरच्या सागाची अळी ओळखा



पावसाळा लागला की गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, धुऱ्यावरचा साग चार दिवसांत बोडका झाला, आता अळी उसात उतरणार का?" काहीजण तर विचारायलाही थांबत नाहीत, पंप पाठीला लावून मोकळे होतात. म्हणून हे चार शब्द.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सागावर मुख्यतः दोन अळ्या येतात. अळी हाती लागली नाही तरी उरलेले पान बघावे. पावसाच्या सुरुवातीला कोवळी पालवी फस्त होऊन नुसत्या जाड शिरा उरल्या, तर ती पाने खाणारी अळी. रंग करडा ते काळा, पाठीवर नारिंगी पट्टा, बाजूला पांढऱ्या रेघा. पानाची कड कातरून, दुमडून ती आत लपते. दुसरी हिरवट नि लहान, पावसाळा सरताना जून पानावर येते. ती बारीकसारीक शिरासुद्धा शिल्लक ठेवते, मधला हिरवा भाग तेवढा खाते. पानाची जाळी होते. आलापल्लीकडचे असे तपकिरी पडलेले रान पाहून नवख्याला वाटते, आग लागून गेली.

या दोन्हींनी साग सहसा मरत नाही, पुन्हा पालवतो. पहिली मात्र वाढ खाते. केरळातील वन संशोधन संस्थेने निलांबूरच्या कोवळ्या सागबागेत मोजले, तेव्हा लाकडाच्या वाढीत ४४ टक्के तूट भरली. जून पानावरच्या अळीचे एवढे भय नाही, तोवर झाडाची वर्षाची वाढ बहुतेक झालेली असते.

यांपैकी एकही उसावर जात नाही. उसाचे पान मधल्या शिरेपर्यंत खाल्लेले आणि पोंग्यात विष्ठेच्या गोळ्या दिसल्या, तर ती लष्करी अळी, जातच निराळी. २०१८ पासून तिची अमेरिकन बहीणही आपल्याकडे आली आहे : डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके. अशी दिसली तर त्याच दिवशी गटात कळवावे.

आणि ऐन, अर्जुनावर अंगठ्याएवढी हिरवीगार अळी दिसली तर हात लावू नका. ती कोशाची, टसर देणारी. आरमोरी भागात ढिवर बंधूंच्या कित्येक घरांचे पोट तिच्यावर आहे. उंच सागाच्या शेंड्याला पाठीवरचा पंप पोहोचत नाही. औषध वाऱ्याने शेजारच्या ऐनावर जाते, आणि त्या घरांचा कोशाचा हंगाम बुडतो.