घराची मर्यादा आणि पेढीचे भांडवल

खाली पेढी आणि वर बिऱ्हाड, ही आपल्या व्यापारी कुटुंबांची कित्येक पिढ्यांची राहणी. पुण्याच्या रविवार पेठेत किंवा भवानी पेठेत ज्या जिन्याने आजोबा सकाळी देरासरात जात, त्याच जिन्याने नातू गल्ल्यावर उतरे. पुढे घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलला आणि बिबवेवाडी, सॅलिसबरी पार्क या भागांत आपली वस्ती वाढली. आज मुलगा व सून दोघेही कमावते असतात. त्यांना स्वतंत्र खोली, लिफ्ट, गाडीसाठी जागा हवी असते. ही अपेक्षा गैर नाही. मात्र घर पेढीपासून वेगळे झाले तरी हिशेब अनेकदा एकाच गल्ल्यातून चालतो. खरी अडचण तेथे आहे.

सांगितलेली किंमत ही घराची पूर्ण किंमत नसते. पुण्यात 80 लाखांची, बांधकाम चालू असलेली सदनिका घेतली, तर सध्या मुद्रांक शुल्क अधिभारासह 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार रुपये होते. नोंदणी शुल्क 30 हजार आणि 5 टक्के दराने जीएसटी 4 लाख. आकडा 90 लाखांपाशी पोहोचतो, फर्निचर निराळेच. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. खरेदी केवळ घरातील स्त्रीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

कर्जाचेही तसेच. 50 लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे 43,400 रुपये पडतो आणि एकूण परतफेड 1 कोटी 4 लाखांवर जाते. मुदत 15 वर्षे ठेवली, तर हप्ता सुमारे 5,850 रुपयांनी वाढतो, परंतु व्याजाचे साडेपंधरा लाख वाचतात.

नोकरदाराचा पगार ठरल्या तारखेला येतो. आपला पैसा उधारीत अडकलेला असतो. हप्ता मात्र मंदी जाणत नाही. म्हणून सुरुवातीची रक्कम पेढीच्या खेळत्या भांडवलातून काढणे धोक्याचे. हंगामात माल भरण्यासाठी तोच पैसा मग चढ्या व्याजाने बाजारातून उचलावा लागतो. घर उभे राहते आणि पेढी खचते.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा आपण ऐकलेली आहे. त्याचे चार कोटी सुवर्ण निधानात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरगृहस्थीत होते. भगवान महावीरांसमोर व्रत घेताना त्याने याच मर्यादेत राहण्याचा निश्चय केला. घराचा वाटा घराला, व्यापाराचा व्यापाराला. परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र आणि वास्तू यांची मर्यादा सांगितली आहे, ती केवळ साधनेसाठी नव्हे, संसारासाठीही हिताची ठरते.

मर्यादा पैशाइतकीच अंतराचीही असावी. स्वस्त मिळाले म्हणून घर फार दूर घेतले, तर दुकान वाढवून सूर्यास्तापूर्वी ताटावर बसणे अवघड होते. चौविहार सुटतो, वृद्धांचे रोजचे दर्शन चुकते, साधु-साध्वींना गोचरी देण्याचा लाभही क्वचितच मिळतो.

म्हणून नमुना सदनिका पाहण्यास जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी, सुनेसह, एकत्र बसावे. किती रक्कम, किती हप्ता, देरासर व पेढीपासून किती अंतर, हे तीन आकडे वहीत लिहावेत. घर पाहून मर्यादा ठरवली तर ती वाढतच जाते. मर्यादा ठरवून घर पाहिले तर त्या घरात निश्चिंत झोप लागते.