हौजी फोनवरची, बिनपैशांची

रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्यात कितीतरी घरांची माणसं दोन-तीन ठिकाणी विखुरलेली असतात. कमावती मुलं मुंबईत, नाहीतर कुवेत-सौदीला, आणि घर सांभाळायला म्हातारे आई-वडील. गुडघे धड आहेत तोवर बाजार, मशीद, देऊळ, शेजारपाजार सगळं होतं. गुडघे बोलायला लागले, दिसेनासं झालं किंवा ऐकू येईना, की माणूस घराबाहेर पडायचा थांबतो. अपंगत्व घेऊन जन्मलेल्यांच्या वाट्याला तर हे लहानपणापासूनच येतं. अशांसाठी फोनवरची हौजी हा फार चांगला विरंगुळा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जगभर तिला बिंगो म्हणतात, आपल्याकडे कुणी तांबोला म्हणतं. पण तिच्याबद्दलचे गैरसमज दोन्ही टोकांचे आहेत. कुणी ती जुगार म्हणून झिडकारतं, तर कुणी मेंदूचं औषध म्हणून आईच्या फोनमध्ये दिसेल ते ॲप टाकून देतं.

गैरसमज: ऑनलाइन हौजी म्हणजे जुगार

पैसे लावले तर जुगार, नाही लावले तर खेळ. हौजीत कौशल्य नाही, सगळा नशिबाचा भाग, म्हणूनच पैशांचा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रात 1887 पासूनचा जुगारबंदी कायदा आहे आणि त्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. हौजीला ती सवलत मिळत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला, 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात कौशल्य की नशीब हा वादच ठेवलेला नाही. पैसे भरून, जिंकल्यास पैसे मिळतील या आशेनं खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ चालवण्यास मनाई आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जाहिरात करणारे आणि पैशांचा व्यवहार पुरवणारेही सुटत नाहीत. मात्र बिनपैशांच्या, मनोरंजनाच्या खेळांना हा कायदा मोकळीक देतो.

इंटरनेटवर ज्येष्ठांसाठी म्हणून ज्या बिंगोची तारीफ वाचायला मिळते, ती बहुधा ब्रिटनमधल्या परवानाधारक, पैशांच्या बिंगोची असते. तिथला कायदा वेगळा, इथला वेगळा. ते वाचून कुणी दुवा पाठवला तर तो उघडू नये. ‘पहिलं तिकीट फुकट, बोनस खात्यात जमा’ असा संदेश आला, ओटीपी मागितला किंवा स्क्रीन दाखवायला सांगितली, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

घरगुती गटातही तिकिटाचे पाच-दहा रुपये ठेवू नयेत, असं मी सांगेन. कायद्याचा प्रश्न आहेच, पण म्हसळ्यात मुस्लिम वस्ती मोठी आहे, आणि जुगार निषिद्ध मानणाऱ्या घरातल्या आजी-आजोबांना अवघडल्यासारखं न होता बसता आलं पाहिजे. जिंकणाऱ्यानं पुढच्या खेळाची वेळ ठरवावी, एवढं बक्षीस पुरतं.

गैरसमज: दिसत नसेल तर हौजी खेळता येत नाही

या गैरसमजाला कारण आहे, पण ते डोळ्यांत नाही, तिकिटात आहे. 2020 च्या टाळेबंदीत घराघरांत फोनवर हौजी सुरू झाली, तेव्हा तिकिटं व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून फिरत होती. आजही तशीच फिरतात. ज्याला दिसत नाही तो माणूस अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक वापरतो. बोट फिरवेल तिथलं फोन वाचून दाखवतो, दोनदा टॅप केलं की ती गोष्ट उघडते. गुगलचा आवाज मराठीतही बोलतो. पण तिकिटाच्या फोटोवर बोट आलं की टॉकबॅक बऱ्याचदा ‘फोटो’ एवढंच सांगून गप्प बसतो. घरातले सगळे आकडे खोडतायत आणि याच्या हातात नुसता एक शब्द.

तेच तिकीट टाइप करून पाठवा: ‘वरची लाइन: 4, 23, 41, 67, 88’. मग मधली, मग खालची. तीन ओळींचा मजकूर, टायपायला दोन मिनिटं लागत नाहीत. टॉकबॅक तो सलग वाचतो, पाहिजे तर पुन्हा वाचतो. मजकूर कॉपी करून घेतला तर आलेला आकडा त्यातून पुसता येतो, किंवा ताटात पंधरा चिंचोके मांडून एकेक उचलता येतो. हौजीच्या तिकिटाला तीन आडव्या आणि नऊ उभ्या ओळी असतात, आकडे पंधराच, प्रत्येक लाइनीत पाच. एवढे पंधरा आकडे बरेच जण दोन-तीनदा ऐकून लक्षात ठेवतात. अशा खेळाडूला तिकिटाकडे बघावंही लागत नाही.

थोडं दिसत असेल तर गोष्ट आणखी सोपी. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अल्झायमर आणि पार्किन्सन असलेल्यांना, निरोगी ज्येष्ठांना आणि तरुणांनाही बिंगो खेळायला दिला होता. आकडे मोठे केले आणि तिकिटावरची गर्दी कमी केली, तेव्हा सगळ्याच गटांची कामगिरी सुधारली. अल्झायमर असलेल्यांना ठळक रंगफरकाचाही उपयोग झाला. म्हणजे फिक्या गुलाबीवर करडे आकडे आणि कोपऱ्यात गणपती-फुलं असलेलं तिकीट दिसायला कितीही छान असलं तरी आजोबांच्या कामाचं नाही. पांढऱ्यावर काळे, जाड, मोठे आकडे लिहावेत.

गैरसमज: ऐकू कमी येणाऱ्याला नंबर मोठ्यानं सांगितला की झालं

मोठ्यानं सांगून फारसा फरक पडत नाही, कारण अडचण आपल्या आकड्यांच्या उच्चारात आहे. साठ आणि आठ, एकसष्ट आणि एकाहत्तर, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, हे फोनच्या चिरक्या आवाजात एकसारखे वाटतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत कानाला ‘एकोण’ तेवढं लागतं, पुढचं निसटतं. म्हणून पुकारणाऱ्यानं आकडा सांगून लगेच सुटे अंक सांगावेत: ‘एकोणसत्तर, सहा-नऊ’. त्याच वेळी तो गटात टाइपही करावा. अजिबात ऐकू न येणारा माणूस मग टाइप केलेल्या आकड्यांवरच पूर्ण खेळ खेळतो.

घाई नको. दोन आकड्यांत पंधरा सेकंद द्यावेत. एका तिकिटाचं फुल हाऊस (पंधराही आकडे) सरासरी नव्वदपैकी 85 व्या आकड्याच्या आसपास होतं, म्हणजे पंधरा सेकंदांच्या हिशेबानंही खेळ वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. झूमची फुकटातली चाळीस मिनिटं त्याला पुरून उरतात. हात थरथरत असतील तर अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘टच अँड होल्ड’चा वेळ वाढवता येतो, आणि स्विच ॲक्सेसनं एखाद-दुसऱ्या बटणावरही फोन चालतो. चुकीचा क्लेम केला की तिकीट बाद, हा बोगीचा नियम मात्र अशा गटात सरळ रद्द करावा.

गैरसमज: हौजी खेळलं की स्मृतिभ्रंश होत नाही

असं कुणी सिद्ध केलेलं नाही. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्यासारखे चौदा धोके दिले आहेत. त्यांत कमी ऐकू येणं, उपचाराविना राहिलेली दृष्टीतली कमतरता आणि सामाजिक एकटेपणा हे तिन्ही आहेत. हौजी त्यातल्या तिसऱ्याला थोडाफार हात घालते, तेही माणसांबरोबर खेळली तरच. एकट्यानं मशीनविरुद्ध तासन्‌तास खेळायचं ॲप एकटेपणा घालवत नाही. वर अशा फुकट ॲपांत खरे पैसे देऊन नाणी विकत घ्यायला लावतात, त्यामुळे आईच्या फोनवरची खरेदी पासवर्डमागे ठेवावी. श्रवणयंत्र आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन यांची जागा खेळ घेऊ शकत नाही.

पण म्हणून हे फालतू ठरत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीत इतरांच्या बरोबरीनं भाग घेण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि त्यासाठी उपाय करण्याची जबाबदारी सरकारबरोबर स्थानिक संस्थांवरही टाकलेली आहे. विरंगुळ्याला औषधाचं प्रमाणपत्र कशाला लागावं? तरण्याताठ्या माणसाला पत्ते कुटताना कुणी मेंदूचा फायदा विचारत नाही.

गैरसमज: चांगलं इंटरनेट नसेल तर विषयच संपला

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-म्हसळ्याची वीज आणि मोबाइलचं जाळं दोन्ही पाडलं, तेव्हा तर साधा फोनही लागत नव्हता. एरवीही डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंज येते-जाते. व्हिडिओवर बेतलेला खेळ तिथे टिकत नाही. साधा कॉन्फरन्स कॉल मात्र बटणांच्या फोनवरही होतो, आणि त्यात बहुतेक ठिकाणी लावणारा धरून सहा जण बसतात.

सहा ही संख्या हौजीला फार सोयीची आहे. छापील हौजीत सहा तिकिटांचा पूर्ण संच मिळतो, त्यात 1 ते 90 हे सगळे आकडे एकेकदाच येतात. सहा जणांना एकेक तिकीट दिलं की पुकारलेला प्रत्येक आकडा कुणाचा ना कुणाचा असतो आणि कुणाला फार वेळ नुसतं ऐकत बसावं लागत नाही. हा संच गणपतीला आलेल्या चाकरमान्यानं मोठ्या अक्षरांत लिहून घरी ठेवून जावा, आपली तिकिटं फोनवर टिपून न्यावीत. पुकारायचं काम म्हसळ्यातल्या आजोबांकडेच द्यावं. डब्यात नव्वद चिठ्ठ्या, चिठ्ठी काढायची आणि वाचायची. दिसत नसेल तर पुकारणारा मुंबईत बसवा, पण लाइन झाली का हे तपासायचं काम आजोबांकडे ठेवा. कुवेत आणि सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत. शुक्रवारी त्यांना सुट्टी असते, मुंबईकराला रविवारी. शुक्रवारी रात्री आठला म्हसळ्यातून फोन लावला तर तिकडे साडेपाच वाजलेले असतात, आणि लोकलमधून उतरून मुंबईकरही तोवर घरी पोचलेला असतो.