जुन्या मोटारीचा आवाज

कुकटपल्लीच्या मधून जो हमरस्ता जातो, त्याला तेथील लोक मुंबई हायवे म्हणतात. सरकारी दफ्तरी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ होय. पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा अशी मजल करीत तो मछलीपट्टणला समुद्राजवळ थांबतो. कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्ड वसाहतीत राहणारे मराठी कुटुंब दिवाळीला किंवा मे महिन्याच्या सुटीत गावी निघाले म्हणजे बहुधा ह्याच रस्त्याला लागते. सोलापूर तेथून सुमारे ३०० किलोमीटर. पाच-सहा तासांच्या त्या प्रवासात कोणी नाट्यगीते लावतो, कोणी कीर्तन, कोणी बातम्या. मागच्या आसनावरील आजोबा एकदा विचारतात, “काय म्हणाला?” पुन्हा एकदा विचारतात, आणि मग विचारणे सोडून देऊन खिडकीबाहेर पाहू लागतात. गाडीतील आवाज पुरेसा मोठा असूनही त्यातील शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेले नसतात.

गाडी जुनी आहे, म्हणून असे होते काय? मारुती एस्टीम १९९४ साली आली, होंडा सिटी १९९८ साली, हुंडाई ॲक्सेंट १९९९ साली. मागे स्वतंत्र डिकी असलेल्या अशा जुन्या मोटारी निगा राखणाऱ्या धन्यांकडे अजून उत्तम चालतात. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. तेव्हा गाडी आणखी पाच वर्षे ठेवायची ठरली, की कारखान्यातून आलेले स्पीकर बदलण्याचा विचार घरात निघतो, आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ऐकू येतो तो असा : “किती वॉटचा देऊ?” माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून आलेला आहे. पैसे वाया जातात ते बहुधा येथे.

स्पीकर म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात पाहू. लोहचुंबकाच्या फटीत तारेची एक गुंडाळी अधांतरी असते आणि ती एका शंकूला चिकटवलेली असते. गुंडाळीतून विजेचा प्रवाह गेला की ती पुढेमागे हलते, शंकू हलतो आणि शंकू हवेला हलवितो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या राइस आणि केलॉग ह्या दोघांनी १९२५ साली ह्या यंत्राला जे रूप दिले, तेच मूलतः आजही आपल्या दारात बसलेले आहे. मोटारीत रेडिओ रुजविण्यास १९३० च्या सुमारास मोटोरोला ह्या नावाने पुष्कळ हातभार लावला. ते नावही मोटारीवरूनच पडले.

कारखान्यातला स्पीकर म्हणजे हलकाच, असा एक समज आहे. तो सरसकट खरा नाही. अमर बोस ह्या बंगाली पित्याच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने जनरल मोटर्सशी हातमिळवणी करून १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसाठी गाडीच्या आतील जागा मोजून ध्वनियोजना बनविली होती, आणि ती कारखान्यातच बसवली जात असे. आपल्याकडील मध्यम किमतीच्या मोटारींत मात्र काटकसर असे. कागदाचा शंकू, लहानसे चुंबक, आणि उच्च स्वरांसाठी निराळा ट्वीटर न देता मधोमध कागदाचीच एक छोटी वाटी. नव्या गाडीत हे चालून जाते. पंधरा उन्हाळे आणि पंधरा पावसाळे गेल्यावर कागद ओल धरून सैल होतो, शंकूभोवतीची स्पंजाची कड चुरून जाते, गुंडाळी फटीच्या भिंतीला घासू लागते. तीच ती खरखर.

पण नवा स्पीकर घेण्यापूर्वी दोष खरोखर त्याचाच आहे ना, हे पाहावे. डेकवर डावा-उजवा आणि पुढचा-मागचा आवाज कमीजास्त करण्याची सोय असते. तिच्या साहाय्याने एकेक स्पीकर वेगळा ऐकावा. एखादा मधूनच बंद पडत असेल, तर दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जाणारी तार आत तुटलेली असण्याचा संभव असतो. दार हजारो वेळा उघडमीट झालेले असते. जुन्या गाडीत फोनवरील गाणी ऐकण्यासाठी लायटरच्या खाचेत एक छोटा एफएम प्रक्षेपक लावण्याची रीत आहे. त्यातून येणारी सूं सूं स्पीकरच्या माथी मारू नये. आणि जुनी गाडी विकत घेताना दाराचे पॅनेल उघडता आले, तर चुंबकावर गंजाची रेघ आहे काय ते अवश्य बघावे. २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादेत जो पूर आला, तशा पुराचे पाणी गाडीत कोठवर चढले होते, हे ती रेघ सांगून जाते.

आता शब्द का हरवतात त्याकडे वळू. शाळेत व्याकरण शिकविणारा मनुष्य स्वर आणि व्यंजने ह्यांच्याविषयी रोज बोलतो, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो. बोलण्यातला जोर प्रामुख्याने स्वरांत असतो, आणि तो खालच्या पट्टीत, हजार हर्ट्झच्या आतबाहेर असतो. अर्थ मात्र पुष्कळसा व्यंजने वाहून नेतात. स, श, त, क ह्यांचा नाद दुबळा आणि उंच, सुमारे २,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यानचा. “काल” आणि “ताल” ह्यांतील भेद तेथेच राहतो. जुना कागदी शंकू नेमका तेथेच मंद होतो. उतारवयात कानही तेथेच मंद होतो. आणि टायरांची घरघर खालच्या पट्टीत सारखी चालू असल्यामुळे आपण आवाज वाढवितो, तेव्हा स्वर तेवढे वाढतात. शब्द उमटत नाही तो नाहीच.

म्हणून सुधारणेचा आरंभ पुढच्या दोन दारांपासून करावा आणि तेथे ज्यात ट्वीटर आहे असा स्पीकर घ्यावा. ट्वीटर वूफरच्याच पोटात बसविलेला असेल, तर त्याला कोॲक्सियल म्हणतात. निराळा असेल, तर कंपोनंट. निराळा ट्वीटर आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीत बसला म्हणजे गुडघ्यांमागे अडकलेला नाद कानाच्या उंचीवर येतो. ज्यांना पॅनेलला भोक पाडणे नको आहे, त्यांनी कोॲक्सियलवर समाधान मानण्यास हरकत नाही.

आता वॉटचा हिशोब. डेकच्या खोक्यावर “४ गुणिले ५०” असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीतील विजेचा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास असतो आणि स्पीकरचा रोध साधारणतः ४ ओहम असतो. १४.४ चा वर्ग २०७. त्याला ४ ने भागले की ५२ येतात. खोक्यावरचे पन्नास ते हेच. परंतु हा हिशोब लागू पडतो तो ध्वनीची लहर चौकोनी झाली असता, म्हणजे आवाज पार फाटला असता. शुद्ध, गोल लहरीसाठी ह्याच्या निम्मे, सुमारे २६ वॉट, ही मर्यादा आहे, आणि यंत्रातील घट वजा जाता हाती वीसच्या आसपास उरतात. वेगळा ॲम्प्लिफायर न लावता साध्या डेकमधून ह्याहून फारसे अधिक निघत नाही. ही मर्यादा गाडीच्या बॅटरीनेच घालून दिलेली आहे. मग वीस वॉट देणाऱ्या डेकपुढे “पाचशे वॉट”चा स्पीकर ठेवून काय मिळणार? पाचशेचा आकडा तो स्पीकर क्षणभर किती सोसू शकतो ते सांगतो. किती बोलतो ते सांगत नाही.

किती बोलतो ते सांगणारा आकडा दुसराच असतो आणि तो खोक्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत असतो : संवेदनशीलता. एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते ह्यावरून कळते. येथे तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॉटांचा फरक. ८८ च्या स्पीकरला चाळीस वॉट देऊन जेवढा आवाज मिळेल, तेवढा ९१ चा स्पीकर वीस वॉटांत देतो. पुष्कळांचा अनुभव असा, की महागडा, जड शंकूचा स्पीकर बसविला आणि आवाज पूर्वीपेक्षा लहान झाला. ह्यात नवल नाही. कारखान्यातला कागदी शंकू हलका असल्यामुळे थोड्या विजेत हलत होता. जड शंकूला ढकलण्यास डेकची शक्ती पुरत नाही. तेव्हा ॲम्प्लिफायर घ्यावयाचा नसेल, तर संवेदनशीलता ९० च्या पुढे पाहावी आणि दुकानदार वॉट सांगू लागला तर “आरएमएस किती?” एवढेच विचारावे. आरएमएस म्हणजे स्पीकर सतत किती वॉट पेलतो तो आकडा.

सिकंदराबादच्या राणीगंजात मोटारीच्या सुट्या भागांची पेठ आहे, कोठीच्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक साहित्याची दुकाने आहेत. कोठेही गेलात तरी माप घेतल्याशिवाय जाऊ नये. बाहेरचा व्यास साडेसहा इंच असला तरी भोकाचा व्यास आणि स्क्रूंची जागा गाडीगणिक बदलते. त्यासाठी प्लॅस्टिकची कडी मिळते. त्याहून महत्त्वाचे माप खोलीचे. काच पूर्ण खाली केली असता ती स्पीकरच्या चुंबकापासून किती दूर राहते, हे पॅनेल काढून मोजावे. हे माप ज्याने घेतले नाही, त्याची काच पहिल्याच टोलनाक्यावर चुंबकाला टेकून अडते.

बसविण्याकडे मात्र आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. दाराचा आतला पत्रा मोठमोठ्या भोकांनी भरलेला असतो. शंकू पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची ताणली जाते. ही मागची लहर त्या भोकांतून बाहेर येऊन पुढच्या लहरीला भेटली, की दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. १०० हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिला वितीच्या अंतरावरचे भोक म्हणजे काहीच अडथळा नाही. तबल्याचा डग्गा म्हणून हरवतो, आणि लोक तो शोधण्यासाठी डिकीत सबवूफर ठेवतात. त्यापूर्वी ही भोके ब्यूटिलच्या चिकट पत्रकाने बंद करून पाहावीत आणि बाहेरच्या पत्र्यालाही आतून त्याचे तुकडे चिकटवावेत. सगळा पत्रा मढविण्याची गरज नसते; पाव भाग झाकला तरी त्याची थरथर पुष्कळ बसते. डांबरी पत्रक स्वस्त पडते, पण तेलंगणातील मे महिन्यात ते मऊ होऊन वास देऊ लागते.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. दारात पाणी शिरते, आणि ते शिरावे अशीच त्याची रचना आहे. काचेवरून ओघळलेले पावसाचे पाणी आत उतरते आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे बुजविली तर दार आतून कुजते. पॅनेलमागे प्लॅस्टिकचा जो कागद असतो तो फाडून टाकण्याची घाई कारागीर करतात. तो पुन्हा नीट चिकटवून घ्यावा, नाहीतर जुलैत पायाखालचा गालिचा भिजेल आणि दोष दाराच्या रबराला दिला जाईल.

तारा जोडताना मूळ कपलर कापू नये. गाडीच्या जातीप्रमाणे जोड-कपलर मिळतो. जोडणी उलटसुलट झाली, म्हणजे एका दारातला शंकू पुढे येताना दुसऱ्यातला मागे गेला, तर दोघे मिळून खर्जाचा नाश करतात. ह्याची परीक्षा घरीही करता येते. स्पीकरच्या तारा सोडवून दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले असता शंकू बाहेर आला पाहिजे.

मागच्या काचेखालची फळी हे सेडानचे वैशिष्ट्य. तेथे सहा गुणिले नऊ इंचांचे अंडाकृती स्पीकर बसतात आणि सबंध डिकी त्यांना पेटीसारखी उपयोगी पडते, म्हणून खर्ज तेथे आपोआप चांगला येतो. परंतु ती फळी दिवसभर उन्हात भाजते. तेथे कागदी शंकू आणि स्पंजाची कड घेऊ नये, प्लॅस्टिकचा शंकू आणि रबराची कड घ्यावी. शिवाय ते मागे बसणाऱ्यांच्या कानापासून हातभरावरच असतात. आवाजाचा तोल थोडा पुढे ठेवला, तर पुढच्यांना ऐकू यावे म्हणून मागच्यांना सोसावे लागत नाही.

पुढे कधी ॲम्प्लिफायर घेतलाच, तर बॅटरीपासून निघणाऱ्या जाड तारेला बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज हवा. तो नसेल आणि पत्र्याच्या धारेने तार सोलली गेली, तर आग लागते. ह्या एका बाबतीत काटकसर करू नये.

आणि आवाजाला बाहेरही मर्यादा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची सीमा घातली आहे. वसाहतीच्या अरुंद गल्लीत, काचा खाली करून उभ्या असलेल्या एका मोटारीला ती ओलांडण्यास फार वेळ लागत नाही.

नवे स्पीकर दुकानात फलकावर लावलेले ऐकून पसंत करू नयेत; तेथे ना दार असते, ना रस्ता. बसविल्यावर काचा वर करून, इंजिन चालू ठेवून, प्रथम गाणे न लावता बातम्या किंवा भाषण लावावे आणि सगळे शब्द मागच्या आसनावर उमटतात काय ते पाहावे. काढलेले जुने स्पीकर, त्यांचे स्क्रू आणि क्लिपा कारागिराकडे ठेवून येऊ नये. पिशवीत घालून, डावा-उजवा अशी चिठ्ठी लावून घरी आणाव्यात. गाडी विकण्याची वेळ आली, तर नवे काढून घेऊन जुने परत बसविता येतात, आणि नवे पुढच्या गाडीत जातात.