परिसर पोलीसकार्य आणि नागरिकांच्या सुरक्षाविषयक तक्रारी : पनवेल शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

पोलीस दलाच्या कामगिरीचे मूल्यमापन करताना सामान्यतः नोंदविलेले गुन्हे, उघडकीस आलेले गुन्हे आणि दोषसिद्धीचे प्रमाण या तीन आकड्यांचा आधार घेतला जातो. परंतु नागरिकांना ज्या कारणांनी असुरक्षित वाटते, त्यांतील बरीचशी कारणे या आकड्यांत येतच नाहीत. बंद पडलेला पथदिवा, इमारतीच्या जिन्याखाली उशिरापर्यंत बसणारे टोळके, रिक्षा थांब्याजवळचा निर्मनुष्य रस्ता यांपैकी एकही बाब फौजदारी कायद्याच्या अर्थाने गुन्हा नव्हे. तरीही त्यापायी एखादी विद्यार्थिनी सायंकाळचा अभ्यासवर्ग सोडते, एखादे वृद्ध दांपत्य दिवेलागणीनंतर घराबाहेर पडत नाही. गुन्हा आणि भीती यांमधील या अंतराचा परिसर पोलीसकार्याशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पनवेलची विशेष परिस्थिती :

पनवेल हे जुने व्यापारी गाव असून येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबई प्रकल्पांतर्गत नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. महसुली दृष्ट्या पनवेल रायगड जिल्ह्यात मोडते. पोलीस व्यवस्था मात्र १९९४ साली स्थापन झालेल्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे आहे. प्रशासकीयदृष्ट्या ही रचना समजण्याजोगी असली, तरी तक्रार घेऊन निघालेल्या रहिवाशाच्या दृष्टीने ती गोंधळाची ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पनवेल रेल्वे स्थानक. रात्रीच्या लोकलने उतरलेली नोकरदार स्त्री फलाटावर असते तोपर्यंत तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी लोहमार्ग पोलिसांची. जुन्या शहराच्या बाजूने ती बाहेर पडली तर पनवेल शहर पोलीस ठाण्याची हद्द लागते. नवीन पनवेलच्या बाजूने गेली तर खांदेश्वर पोलीस ठाण्याची. रस्त्यावरील दिव्याचा प्रश्न पोलिसांचा नव्हेच. सिडकोच्या वसाहतींमधील नागरी सेवा टप्प्याटप्प्याने महानगरपालिकेकडे हस्तांतरित होत गेल्या, त्यामुळे दिव्यासाठी कोणाचे दार ठोठवावे याविषयीही रहिवाशांत दीर्घकाळ संभ्रम राहिला. जेमतेम वीस मिनिटांच्या पायवाटेत तिची भीती तीन-चार कार्यालयांत वाटली जाते आणि कोणत्याही एका कार्यालयाच्या दृष्टीने ती पूर्ण तक्रार होत नाही.

कायद्याने काय साधले ?

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यांतील एक अडचण दूर केली आहे. कलम १७३ अन्वये दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. तसेच तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीस कळविणे कलम १९३ नुसार बंधनकारक झाले आहे. तक्रारदारास उत्तर मिळण्याचा हक्क आहे हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले, ही बाब महत्त्वाची आहे. परंतु हा हक्क गुन्हा घडल्यानंतरचा आहे. गुन्हा घडण्यापूर्वीच्या भीतीस ना नोंदवही आहे, ना मुदत. परिसर पोलीसकार्याचे खरे क्षेत्र हेच होय.

अमेरिकेतील न्यूअर्क शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पायी गस्तीचा प्रयोग करण्यात आला. त्यात गुन्ह्यांच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. मात्र रहिवाशांची भीती कमी झाल्याचे व पोलिसांविषयीचे मत सुधारल्याचे दिसून आले. काही टीकाकारांनी यास केवळ मानसिक समाधान म्हटले. परंतु ज्या भीतीमुळे शिक्षण व रोजगार सुटतो, ती कमी होणे यास केवळ समाधान म्हणता येणार नाही.

भिवंडीचा अनुभव :

महाराष्ट्रात या विषयाचा विचार भिवंडीच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही. १९७० व १९८४ च्या भीषण दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमाग नगरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. शांतता समिती ही संस्था त्यापूर्वीही होती. पण तीत नेते व प्रतिष्ठित व्यापारी असत आणि ती सणासुदीला किंवा तणाव निर्माण झाल्यावर बोलावली जाई. खोपडे यांच्या समित्यांत वस्तीतील सामान्य हिंदू व मुस्लिम रहिवासी होते, कनिष्ठ पोलीस कर्मचारी प्रत्यक्ष सहभागी होते आणि शांततेच्या काळातही बैठका होत. पाणी, गटार, शेजाऱ्यांची भांडणे असे विषय त्यांत निघत. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली.

मात्र हा अनुभव केवळ गौरवाने सांगणे योग्य होणार नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून हिंसाचार उसळला, पोलीस गोळीबारात माणसे दगावली आणि दोन पोलीस शिपायांची हत्या झाली. वाद पोलीस ठाण्याच्या जागेवरूनच व्हावा, हे विशेष बोलके आहे. अधिकारी बदलून जातात. त्यांच्या व्यक्तिगत निष्ठेवर उभी असलेली व्यवस्था त्यांच्यामागे टिकेलच असे नाही.

पनवेलसंदर्भात विचार :

पनवेलमध्ये प्रश्न दंगलीचा नसून अनोळखीपणाचा आहे. गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी पोलीस अधिकाऱ्यांपर्यंत सहज पोहोचतात. गावठाणातील मूळ रहिवाशांचेही आपापले पुढारी आहेत. परंतु भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार व विद्यार्थी पोलीस ठाण्याला ठाऊक असतात ते केवळ घरमालकाने सादर केलेल्या भाडेकरूच्या माहितीपत्रकातून, म्हणजे चौकशीचा विषय म्हणून. त्यांना स्वतःला कशाची भीती वाटते, हे त्या पत्रकात विचारलेले नसते. परिसर समिती केवळ सदनिकाधारकांची झाली, तर ती याच भाडेकरूंविरुद्ध तक्रार करण्याचे व्यासपीठ बनण्याचा धोका आहे.

बीट अंमलदाराकडे भीतीच्या तक्रारींची स्वतंत्र वही असावी; दिव्याची तक्रार त्यानेच महापालिकेकडे पाठवावी आणि पुढील बैठकीत तिचे काय झाले ते सांगावे. हे काम नसेल तर का झाले नाही, तेही सांगावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. मात्र वारंवार बंदोबस्तास पाठविला जाणारा अंमलदार आपल्या बीटमध्ये राहील, एवढी तजवीज वरिष्ठांना करावी लागेल. बैठकीची वेळही विचारात घ्यावी लागेल. सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात भरणाऱ्या बैठकीस निवृत्त गृहस्थ येऊ शकतात. रात्रीच्या लोकलने उतरणारी परिचारिका त्या वेळी मुंबईतील रुग्णालयात कामावर असते.