सांवळें रूप आणि कॅमेर्‍याचा डोळा

गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणार्‍या लोहमार्गावर सौंदड हें गांव लागतें. भोंवतालचा मुलूख धानाचा व तलावांचा. पावसाळ्यांत गुडघाभर चिखलांत उभें राहून रोवणी करणार्‍या स्त्रियांपैकीं बहुतेकींचा वर्ण सांवळा, आणि बांधीवर त्याचें कोणास कांहींच वाटत नाहीं. अडचण येते ती मुलीच्या लग्नासाठीं छायाचित्र काढावयाचें झालें म्हणजे. मग पावडरीचे थर चढतात, पाठीमागें पांढरा पडदा लागतो, आणि छापून येतो तो चेहरा आईलाहि निरखून ओळखावा लागतो. पंढरीच्या देवाचें काळेपण ज्या घरांत भक्तीनें आळवलें जातें, त्याच घराला सून मात्र गोरी हवी असते!

या फसवणुकींत यंत्राचाहि वाटा आहे. छायाचित्रणाच्या आरंभींच्या कांचांना निळा प्रकाश तेवढा चांगला दिसे. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें त्वचेंतील तांबूस छटा काजळासारख्या उमटत. १८७३ सालीं फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें कांचेस रंगद्रव्य देऊन तिची दृष्टि वाढविण्याची युक्ति शोधली. पुढें रंगीत फिल्म आली; पण अमेरिकेंत तिच्या छपाईचे रंग गोर्‍या स्त्रीच्या नमुनाचित्राशीं ताडून ठरविले जात, आणि काळ्या चेहर्‍यांतील बारकावे बुडून जात.

प्रकाशमापकाची खोड निराळीच आहे. समोरचें दृश्य मध्यम करड्या छटेचें आहे असें तो धरून चालतो. पांढर्‍या पडद्यापुढें सांवळी मुलगी बसविली कीं पडद्याचा उजेड पाहून तो प्रकाश कमी करावयास सांगतो, आणि चेहरा कोळशासारखा होतो. यावर उपाय साधा आहे. पडदा मातकट किंवा गडद हिरवा घ्यावा, प्रकाश चेहर्‍याजवळ मोजावा, व पडवींत एका बाजूनें येणार्‍या मऊ उजेडांत चित्र काढावें. सांवळ्या त्वचेवर प्रकाश चमकतो. कपाळाचा घाट व गालाचा उंचवटा त्या चमकेनेंच डोळ्यांत भरतो. पावडर नेमकी तीच चमक मारते.

कॅमेर्‍यामागें कोण उभा आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. १८६८ ते १८७५ या काळांत वॉटसन व के यांनीं हिंदी लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. त्यांत माणसें बहुधा जातीचे नमुने म्हणून मांडलेलीं आहेत. याच्या अगदीं उलट प्रकार न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत घडला. १९६२ च्या जानेवारींत क्वामे ब्राथवेट हा छायाचित्रकार व त्याचा भाऊ एलोम्बे यांनीं काळ्या तरुणींचा वेषभूषा-सोहळा भरविला. केस सरळ न करतां, आफ्रिकी वळणाचीं वस्त्रें लेवून त्या मंचावर आल्या. ब्राथवेटनें त्यांचीं जीं चित्रें काढलीं, त्यांत त्वचेचा काळेपणा झांकलेला नाहीं. उजेडच त्याच्या बेतानें योजलेला आहे.

हिंदुस्थानांत २००९ मध्यें चेन्नईहून काळ्या वर्णाच्या सौंदर्याची बाजू मांडणारी चळवळ निघाली व पुढें अभिनेत्री नंदिता दास तींत सामील झाल्या. १९७५ पासून खपणार्‍या एका प्रसिद्ध मलमानें २०२० सालीं नांवांतील गोरेपणाचा शब्द गाळला. डबी मात्र त्याच फळीवर राहिली.

आतां खेड्यांतहि मोबाइलनें चित्रें निघतात, आणि कित्येक मोबाइल न विचारतां चेहरा उजळून देतात. ती सोय बंद करण्याची कळ आंतच असते. ती दाबून, गोंदलेल्या कपाळाची आजी व तिची नात यांना दारच्या सावलींत शेजारीं बसवावें, म्हणजे दोघींचा सांवळा रंगहि एकसारखा नाहीं हें त्या चित्रांत दिसूं लागतें.